आडवा हात

आमच्या खाणावळीत नियम एकच आहे आणि तो स्वयंपाकघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला आहे : ‘हात आडवा होईपर्यंत वाढू.’ जेवणाऱ्यानं ताटावर तळहात आडवा धरला की त्याचं जेवण झालं. तोवर भात, भाजी, रस्सा मागावासुद्धा लागत नाही. पण हात एकदा आडवा झाला की मग शीतही मिळायचं नाही.

आमचे हे या बाबतीत फार कडक. एकदा शेजारच्या शिंप्याकडचा जाडा कारागीर मिठाची वाटी घ्यायला वाकला आणि त्याचा हात ताटावरून गेला. यांनी उचललेला डाव तसाच पातेल्यात परत ठेवला.

“अहो शेठ, मी मीठ घेत होतो!”

“हात आडवा झाला. जेवण संपलं. उद्या या.”

बिचारा भाताकडे बघत बघत उठला. मी मागच्या दारानं त्याला दोन केळी दिली. यांना ते दिसलं असणारच, पण मागच्या दाराचा नियम कुठे लिहिलेला नव्हता.

गेल्या वर्षापासून यांचे गुडघे कुरकुरायला लागले. डाव हातात घेऊन दिवसभर उभं राहणं काही सोपं नाही. पलीकडचा टायरवाला कधीचा मागे लागला होता, ‘जागा मला द्या, मी गोदाम करतो आणि तुम्ही घरी बसून भाडं खा.’ आणि इकडे आमची मुलगीही ती जागा मागत होती. लहानपणी दोन घास टिपून पळायची म्हणून तिला आम्ही चिमणी म्हणतो. ती एका मोठ्या, फार मोठ्या हॉटेलात मुख्य स्वयंपाकीण आहे. तिला खाणावळ हवी होती. भाड्यानं नव्हे, चालवायला.

“तुला?” हे म्हणाले. “तुमच्याकडे चमचाभर वाढतात आणि पोतंभर घेतात. माझी गिऱ्हाइकं उपाशी मारशील.”

“एकदा येऊन जेवा तरी, बाबा. न जेवताच नावं कसली ठेवता?”

“येतो की. पोटभर जेवून उठलो तर किल्ल्या तुझ्या. नाहीतर सोमवारी टायरवाल्याला होकार. बोल!”

“बोलले,” चिमणी म्हणाली.

ठरलं रविवारी दुपारी. कारण मीही जाणार होते, आणि माझं जेवण दिवसातून एकदाच, दुपारचं. आणि पानावर बसले की उठेपर्यंत मी बोलत नाही, खाणाखुणाही करत नाही, समोर आलेलं टाकत नाही. पुष्कळ वर्षांचा नेम आहे, आता अंगवळणी पडलाय. त्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावला खरा, पण मागावं काय ते कळेना. लेकीच्या बाजूनं मागायचं तर नवऱ्याचं पोट भरावं, म्हणजे तो हरावा, असं मागावं लागणार. आणि नवऱ्याच्या बाजूनं मागायचं तर त्याचं पोट भरू नये, असं मागावं लागणार! शेवटी म्हटलं, देवा, तूच काय ते वाढ.

हॉटेलात गेलो तर पायाखाली गालिचा, टेबलावर पांढरीशुभ्र चादर, आणि माणसं बोलत होती ती जणू शेजारी कुणाचं बाळ निजलंय अशा आवाजात. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल दिलं. यांची पाठ दाराकडे आली. हे दोनदा मान वळवून दाराकडे बघून बसले. सवय! गिऱ्हाईक आलं की बघायला नको का?

पांढरे हातमोजे घातलेला एक उंच वाढपी आला. परातीएवढी ताटं त्यानं आमच्यापुढे ठेवली. मधोमध एक गाजर होतं.

“हे गाजर, सर. तीन प्रकारांनी.”

हे वाकून गाजराकडे बघत राहिले. “तीन प्रकारांनी आणि एकच? आमच्याकडे एकाच प्रकारानं असतं, पण तीन मिळतात.”

वाढपी हसला. चांगला माणूस होता. “मॅडमना कसं वाटलं?” त्यानं मला विचारलं. मी गाजर खात राहिले.

“तिला विचारू नका,” हे म्हणाले. “ती जेवताना बोलत नाही. माझ्याकडून ऐका, नाव मोठं नि लक्षण खोटं.” आणि गाजर एका घासात संपवून, खाली आणखी काही लपवलंय का म्हणून ताट तिरकं करून बघितलं.

मग सूप आलं, चहाच्या कपाहून लहान वाटीत. “औषध आलं,” हे म्हणाले. मग कोवळे मटार आले. हे मोजणार होते, पण मी पाहिलं तशी बोट मागे घेतलं. यांची चेष्टा चालूच. “वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीतही पोट भरतं म्हणतात. इथे पोटची पोर आत आहे, आणि तरी ही गत!” पलीकडच्या टेबलावरच्या आजी रुमालाआड हसल्या, त्यामुळे यांना आणखी जोर चढला. “आजी, तुम्ही घरून जेवून आलात ना? हुशार आहात!”

मधेमधे गरम पाव येत होता. तो मात्र कितीही. हे पावानं ताटातला रस पुसून घेत, पुन्हा पाव घेत. मग आल्या भाजलेल्या अळिंब्या. यांनी एक तोंडात टाकली आणि बोलायला उघडलेलं तोंड मिटलं.

ती अळिंबी हे सावकाश चावत राहिले.

“यात काय घातलंय गं हिनं?” हे हळूच म्हणाले. मला विचारून उपयोग नव्हता, हे त्यांनाही ठाऊक. पण त्यांनी दुसरी तोंडात टाकून डोळे मिटले.

मी समोर बसून बघत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांना असं जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. खाणावळीत शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर हे चुलीपाशी उभ्यानं जेवतात. ताट एका हातात, डोळे दाराकडे. भात निवलेला, भाजी तळातली. जेवण कसलं, पोटात लाकडं टाकल्यासारखं. आज यांच्यापुढे कुणीतरी आणून ठेवत होतं, थांबत होतं, रिकामं ताट उचलून नेत होतं. बराच वेळ झाला, यांनी दाराकडे मान वळवली नव्हती. खांदेही खाली आले होते.

बटाटा आला. लोण्यात घोटलेला, मऊसूत. तो यांनी बिनबोभाट संपवला आणि खुर्चीला टेकून मला सांगायला लागले, “आपल्या मोठ्या पातेल्याची कड गेली आहे बघ. ती जर नीट करून घेतली—”

तेवढ्यात मागून कुणीतरी आलं. बटाट्याचं भांडं आणि डाव. हे बोलण्याच्या नादात होते, वर बघितलंही नाही. डाव ताटाशी आला आणि यांचा हात आपोआप ताटावर आडवा झाला.

डाव थांबला.

“बाबा,” चिमणी म्हणाली.

यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पांढऱ्या टोपीत, हातात डाव घेऊन, पोर उभी होती. तिचे गाल लाल झाले होते. चुलीमुळे की कशानं, देव जाणे.

“माशी होती,” हे म्हणाले.

“सर!” हातमोजेवाला दुखावला. “आमच्याकडे माशी नाही.”

“मग मीठ घेत होतो.”

“मीठ?” चिमणीनं डाव कमरेवर टेकवला. “आणि मीठ घेणाऱ्या त्या कारागिराला काय म्हणाला होतात, बाबा?”

पलीकडच्या आजींनी खुर्ची चक्क आमच्याकडे वळवली.

“साक्षीदार आहे का कुणी?” हे शेवटी म्हणाले.

“आई आहे ना समोर. आई, हात आडवा झाला की नाही?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी ताटाकडे बघत बसले.

“छे! ती जेवतेय,” यांचा चेहरा एकदम खुलला. “मान हलवणंसुद्धा बोलणंच, नाही का गं? ती उठेपर्यंत निकाल नाही. आणि तोवर माझं जेवण चालू! आणा, काय राहिलंय ते आणा.”

राहिलं होतं नासपती. मधात शिजवलेलं, वर भाजलेले बदाम. त्याचा वास मी आल्यापासून घेत होते. खरं सांगायचं तर मी तेव्हाच उठले असते तर निकाल लागला असता. पण पुढे येणारं टाकायचं नाही, हाही नेमच. आणि पुढचं जेवण उद्या दुपारी.

नासपती आलं. हे तलवार उपसावी तसा चमचा उपसून बसले. “बघ चिमणे, किती जागा आहे ती!” पहिला घास ऐटीत गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला पट्टा सैल झाला. मग यांनी पाणी घेतलं, खोकले, छताकडे पाहिलं, झुंबराची चौकशी केली. चमचा मात्र ताटातच. चिमणी हलली नाही. हातमोजेवाला हलला नाही. मी माझं नासपती सावकाश संपवलं.

यांच्या ताटात अर्धं उरलं होतं. अन्न टाकणं यांच्या रक्तात नाही. खाणावळीत ताटात शीत उरलं तर गिऱ्हाइकाला हे पुन्हा बसवतात. यांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मग, कुणाचं लक्ष नाही असं समजून, ताट बोटानं हळूहळू माझ्याकडे सरकवलं.

आजींनी टाळी वाजवली.

मी ते अर्धं खाल्लं. पुढे आलेलं मी टाकत नाही. हात पुसले, देवाचं नाव घेतलं आणि उठले.

“पोट भरलं,” मी म्हटलं. “माझं आणि यांचंही. हात मगाशीच आडवा झाला होता.”

“घरभेदी!” हे म्हणाले, पण उसनं रागावून. मग लगेच दुसरी बाजू धरली. “पण ते पावानं भरलं! पाव फुकटात भरवून पोट फुगवलंस. ही काय हुशारी?”

“आणि तुमच्याकडे?” चिमणी म्हणाली. “भाजी पळीभर, भात डोंगराएवढा. तुमचा भात तो माझा पाव.”

टेबलाच्या कडेला दरांची यादी होती, ती यांनी उचलून नाकाशी धरली, आणि एका माणसाच्या जेवणाचा आकडा वाचला. आमचं जेवण चिमणीच्या नावावर होतं, तरी यांनी पोटावर हात ठेवला. “गेलं. खाल्लेलं सगळं जिरलं. पुन्हा भूक लागली मला.”

“तो आकडा गालिच्याचा आहे बाबा, झुंबराचा आहे, आणि तुम्हाला दोन तास कुणी उठा म्हटलं नाही, त्याचा आहे. खाणावळीत मला गालिचा नको. झुंबरही नको. दर तुमचाच राहील. ताटं लहान करीन, वाढीन थोडं थोडं, गरम गरम. पण वाढीन हात आडवा होईपर्यंत. दारावरचा नियम तोच राहील.” मग जरा थांबून, आवाज बारीक करून म्हणाली, “आणि तुम्ही बसून जेवायचं. पहिल्या पंगतीला.”

यांनी नाक शिंकरलं. बराच वेळ शिंकरलं. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, एक किल्ली सोडवली आणि त्या परातीएवढ्या ताटात बरोब्बर मधोमध ठेवली.

चिमणी ताटाकडे बघत राहिली. “एवढंच?”

हातमोजेवाल्याला हसू आवरेना. यांच्याही मिशा हलल्या. “पुढच्या दाराची,” हे त्या वाढप्याच्याच आवाजात म्हणाले, “एकाच प्रकारानं. आणखी वाढू?”

“हात आडवा झालाय का माझा?”

मग मागच्या दाराची आली. कोठीची आली. भांड्यांच्या फडताळाची, पाण्याच्या टाकीची, गल्ल्याची. एकेक किल्ली हे ताटात ठेवत होते, प्रत्येकीबरोबर सांगत होते : ही जरा अडकते, हिला तेल लाव, ही उलटी फिरते. चिमणी मान डोलवत होती. जुडग्याच्या कडीत शेवटी एकच उरली, मसाल्याच्या कपाटाची. त्या कपाटाला हे कुणालाही हात लावू देत नाहीत. मसाला रोज सकाळी स्वतः मोजून काढतात. मलाही नाही देत.

यांनी ती कडीतून काढली. जरा वेळ तळहातावर धरली. मग ताटाकडे नेली.

चिमणीनं ताटावर हात आडवा धरला.

“बास, बाबा,” ती म्हणाली. “पोट भरलं.”

हे तसेच थांबले. पोरीकडे पाहिलं, मग किल्लीकडे. आणि ती पुन्हा कडीत अडकवून खिशात टाकली.

“नियम म्हणजे नियम,” हे म्हणाले. “म्हणजे रोज सकाळी मला यावंच लागणार.”

“लवकर या,” चिमणी म्हणाली. “चूल पेटायच्या आत.”