चार ओळींचा बहार

गोपिकाला इंग्रजी येत होतं, आणि आपल्याला इंग्रजी येतं हे तर त्याहूनही चांगलं माहीत होतं. नववीत होती. ऑगस्टात वक्तृत्वाची ढाल मिळाली आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागेनासे झाले. त्यात भर म्हणजे सदरमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला एका पोलिश जोडप्याने भाड्याने घेतला. साहेबांचं नाव तादेउश, बाईंचं हलिना. तादेउश कामठीकडच्या एका कोळशाच्या खाणीत यंत्रं बसवायला दोन वर्षांसाठी आले होते. त्यांचं इंग्रजी गोपिकाइतकंच लंगडं होतं, त्यामुळे तिघांचं छान जमलं.

हे सन चौऱ्याहत्तरचं. हलिनाबाई सकाळी पातेलंभर पाणी वीस मिनिटं उकळायच्या, गच्चीवर बरणीत पत्ताकोबी आंबवायच्या, आणि त्या वासाने मांजरंसुद्धा कौलावरून पळायची. साहेब लुंगी नेसून सायकलवर पाव आणायला जायचे. पण गल्लीला खरं नवल वाटायचं ते रविवारचं. शनिवारी दुपार झाली की जीपमध्ये तंबू, दोऱ्या, कंदील भरून दोघं निघालेच! कधी रामटेकची टेकडी, कधी खिंडसीचा तलाव. गोपिका दुभाषी म्हणून सोबत.

"घरी पलंग असून जमिनीवर निजते," तिची आई कौशल्या म्हणायची, "कोण्या पापाचं प्रायश्चित्त घेऊन राहिली वं थे?"

"आई, त्याले कॅम्पिंग म्हणते."

"म्हणू दे. साप चावल्यावर कॅम्पिंग नाही म्हणत."

डिसेंबरात गोपिकाने स्वतःच बेत आखला. नरखेडकडे तिच्या मामाचा, महादेवरावांचा, संत्र्याचा बगीचा होता. मे महिन्यात आणि दिवाळीत ती तिथे जायची, हिरव्यागार सावलीत लोळायची, संत्री खायची. तिने त्या बगीच्याचं असं वर्णन केलं की हलिनाबाईंनी टाळ्याच वाजवल्या.

शनिवारी संध्याकाळी जीप वावरात शिरली आणि गोपिकाचा चेहरा उतरला. कसला हिरवा बगीचा! झाडांची पानं वळून सुरळी झालेली, निम्मी खाली गळून पडलेली. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्या उघड्या टाकलेल्या. विहिरीत मात्र हाताला लागेल एवढं पाणी.

भागीरथा मामी चुलीपाशी भाकरी थापत होती. "विहिरीजवळच्या चार ओळी पाह्यल्या का वं?" ती गोपिकाला म्हणाली. "माह्या हातच्या हायेत. सहा वर्सं झाली लावून. पहिले दोन उन्हाळे तर डोक्यावर घागरी आणून जगवल्या. औंदा त्याइचा पहिला बहार."

तिकडे साहेब मामांना मोटर किती घोड्यांची हे विचारत होते आणि मामांना पोलंडात बैल असतात का हे जाणून घ्यायचं होतं. गोपिका दोन्हीकडून उत्तरं झेलत होती, नुसता बॅडमिंटनचा खेळ! तेवढ्यात हलिनाबाईंनी तिची बाही ओढली.

"गोपिका, मामांना विचार, झाडं तहानलेली का आहेत? विहीर तर भरलेली आहे."

मामीच्या बोलण्यातलं गोपिकाने त्यांना काही सांगितलं नव्हतं. आणि मामांना विचारायचं म्हणजे सगळ्यांसमोर आपल्यालाच काही कळत नाही हे उघडं पाडायचं. मामाची भाची, बगीच्याची एवढी तारीफ करून आलेली, आणि तिला हेही ठाऊक नाही? तिने मामांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मोटर बिघडलीय," तिने इंग्रजीत ठोकून दिलं. "मिस्त्री येतच नाही."

झालं. एवढंच. एका वाक्याचं काम.

रविवारी सकाळी मामा-मामी बंडीला बैल जुंपून शेजारच्या गावी तेरवीच्या जेवणाला गेले. गडीही बंडीवर. "दुपारी येतो," मामा म्हणाले. "पाहुण्याइले काई कमी पडू देऊ नको."

धूळ खाली बसते न बसते तोच साहेब जीपमधली हत्यारांची पेटी घेऊन विहिरीकडे निघाले. त्यांनी रात्रीच ठरवून टाकलं होतं. मोटर दुरुस्त करायची, झाडांना पाणी द्यायचं, मामा परत येतील तेव्हा थक्क झाले पाहिजेत!

गोपिका त्यांच्या मागोमाग धावली. थांबा म्हणावं, मामांना येऊ द्या म्हणावं. पण का थांबायचं, असं विचारलं तर? मोटर खरोखरच बिघडलेली असू शकते, असं तिने स्वतःला समजावलं. असतात ना मोटरी बिघडलेल्या.

साहेबांनी मोटरीच्या फ्यूजची पेटी उघडली आणि ते मोठ्याने हसले. "फ्यूजची तारच नाही! कोणीतरी काढून ठेवलीय. एवढ्यासाठी झाडं मरताहेत?"

पाच मिनिटांत तार बसली. मोटर घरघरली, पाइपातून पाणी धाडकन हौदात पडलं आणि हलिनाबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या. मग काय विचारता! फावडी घेऊन तिघं चिखलात उतरले. दांडातून पाणी वळवायचं, एक आळं भरलं की दुसरं फोडायचं. हलिनाबाई प्रत्येक झाडाच्या बुंध्याला हात लावून पोलिशमध्ये काहीबाही पुटपुटत होत्या. साहेब गात होते. तीन तासांत विहिरीजवळच्या चारही ओळी काठोकाठ भरल्या. अठ्ठेचाळीस झाडं. गोपिकाची धाकधूकही त्या गमतीत विरघळली. इतका सुंदर रविवार आजवर झाला नव्हता.

बंडी आली ती दुपारी. मोटरीचा आवाज मामांनी रस्त्यावरूनच ऐकला असावा, कारण चालत्या बंडीतून उडी मारून ते धावत आले आणि पहिल्यांदा त्यांनी बटण दाबून मोटर बंद केली.

"सांग त्यांना," साहेब चिखलाचे हात पसरून म्हणाले, "मोटर दुरुस्त झाली!"

मामा त्यांच्याकडे बघतच नव्हते. "कोणं चालू केली वं? म्या तार काढून घरात ठेवली होती."

"साहेबांनी. झाडं सुकून राहिली होती ना, मामा..."

"सुकू देल्ली होती, गोपे! ताण देल्ला होता बगीच्याले." मामांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "झाड तहानलं म्हणजेच फुलते. डिसेंबरात पाणी तोडाचं, पानं झडू द्याची, दीड महिन्यानं पाणी सोडलं का सारी फांदी पांढरी होते. आता पंधराच दिवस झाले होते. पोट भरलं का झाड नुसता पाला फेकते, पाला. बहार गेला ना मंग."

मामी ओळींच्या तोंडाशी पोचली होती. तिने लुगडं वर खोचलं नाही की चप्पल काढली नाही, तशीच ओल्या आळ्याच्या काठावर बसली.

"मामा, हे तुमी मले काहून नाही सांगतलं?" गोपिका रडवेली झाली.

"तू विचारलं का?"

हलिनाबाई पुढे आल्या. गाल लाल, केसांना चिखल. "काय म्हणतात मामा?"

आणि गोपिकाच्या तोंडून निघालं, "थँक यू म्हणतात."

हलिनाबाईंचे डोळे भरून आले. त्या सरळ मामीकडे गेल्या, वाकल्या आणि तिला मिठी मारली. मामी लाकडासारखी बसून राहिली. साहेब म्हणाले, "अजून किती ओळी आहेत? पुढच्या रविवारी येऊ. सगळ्या पुऱ्या करू."

"हे हासून काहून राहिले?" मामांनी विचारलं. आता मात्र त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती. "माही मजाक करून राहिले का? सांगतलं ना तू त्याइले?"

एकीकडे ते दोघं हसत होते, दुसरीकडे मामा. मध्ये गोपिका, आणि दोन्ही बाजूंना तेवढंच ठाऊक, जेवढं ती सांगेल. तिला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं. पण जमीन दुभंगत नव्हती आणि पुढचा रविवार येणारच होता. आणखी अडीचशे झाडं उभी होती.

"मामा, मी काहीच नाही सांगतलं," ती म्हणाली. "काल हलिनाबाईनं विचारलं होतं, झाडं काहून सुकली. मले माहीत नव्हतं. म्या तुमाले विचारलंच नाही. मोटर बिघडली म्हनून सांगून देल्लं. त्याइचा काही दोष नाही."

मग वळली आणि हेच सगळं इंग्रजीत म्हणाली. ताणाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला येत नव्हतं. तिने बोटांनी पानं गळताना दाखवली, फुलं उमलताना दाखवली, आणि नंतर दोन्ही हात रिकामे करून दाखवले. साहेबांचं गाणं गेलं, हसू गेलं. हलिनाबाईंनी मामीच्या खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला, पोळल्यासारखा.

शेवटी मामांनीच फावडं उचललं. "आळी फोडा. ओली माती उलटी करा. हवा लागू द्या, ऊन लागू द्या. ओल उडाली तं उडाली. सांग त्याइले."

गोपिकाने सांगितलं. अंधार पडेपर्यंत सगळे राबले. सकाळी जी आळी नाचत भरली, तीच आता वाकून रिकामी केली. हलिनाबाईंच्या तळहाताला फोड येऊन फुटले, तरी त्यांनी फावडं सोडलं नाही. मामी शेवटच्या ओळीत एकटी खणत होती. गोपिका जवळ गेली की ती पुढच्या झाडाकडे सरकायची. परतताना जीपमध्ये ते दोघं फक्त पोलिशमध्ये बोलले, तेही थोडंच.

फेब्रुवारीत मामांची चिठ्ठी आली, पाहुण्यांना घेऊन ये. हलिनाबाई आधी नको म्हणाल्या, मग आल्या. यावेळी जीपमध्ये तंबू नव्हता.

गावाच्या वेशीपासूनच वास यायला लागला होता. अख्खा बगीचा पांढराशुभ्र, मधमाश्यांनी गुणगुणत होता. फक्त विहिरीजवळच्या चार ओळी हिरव्या. इतक्या कोवळ्या, इतक्या चकचकीत हिरव्या, की अनोळखी माणसाने तीच झाडं सगळ्यात सुंदर म्हटली असती. कुठे एखाद्या फांदीला पाचसहा फुलं होती, तेवढीच. हलिनाबाई त्या पालवीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मामी घरातून आली. तिने हलिनाबाईंना नीट पाहिलं, मग गोपिकाकडे वळून म्हणाली, "सांग तिले. झाडं मेली नाहीत. पुढच्या वर्सी फुलतीन. तुह्यावर माहा राग नाही, तू आंधळ्यानं प्रेम केलं. राग हाये तो ह्या पोरीवर. हे बी सांग. गाळू नको काही."

गोपिकाने एकेक वाक्य घेतलं आणि सावकाश इंग्रजीत ठेवलं, झाडं, पुढचं वर्ष, आंधळं प्रेम. शेवटच्या वाक्यापाशी ती थांबली.

"आणि?" हलिनाबाईंनी विचारलं. "अजून काहीतरी म्हणाल्या त्या."

"आणि त्या माझ्यावर रागावल्या आहेत," गोपिका म्हणाली. "अजूनही."

मामी तिच्या ओठांकडे बघत होती. इंग्रजीचं एक अक्षर तिला कळत नव्हतं. "झालं का सांगून? सारं?"

"हो मामी. सारं."

"मंग चाल, पाणी आणू लाग," मामी म्हणाली आणि घागर तिच्या हातात देऊन पुढे चालायला लागली.