सुभेदार चर्चला आले

नाताळच्या नाटकात धाकट्या भावाने, रूबेनने, सगळ्यांदेखत चुका काढल्या म्हणून साताऱ्याचे निवृत्त सुभेदार शांतवन वाघमारे नऊ वर्षं चर्चला गेले नव्हते. देवाशीही त्यांनी अबोला धरला होता.

सांगलीच्या बहिणीने क्षमेवरचं एक भक्तिपुस्तक दिलं, ते त्यांनी कुरकुरतच उघडलं. ‘परत आलेल्या लेकराला देव आधी जेवायला वाढतो,’ हे वाक्य वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

रविवारी ते चर्चमध्ये थेट रूबेनसमोर जाऊन उभे राहिले. “चुकलं माझं, रूबेन.”

“माझंबी चुकलंच की, दादा! बसा हितं,” म्हणत रूबेनने सरकून जागा केली.

सुभेदार बसले. डोळे मिटून पुटपुटले, “देवा, आलो बघ.”

मग ते इतक्या जोरात गाऊ लागले, की पाळकसाहेबांनाही हसू आवरेना.