दाराबाहेरची ताई

ताईचा पाय एका जागी ठरेना. समाजकल्याण कार्यालयात तिच्या धाकट्या भावाची मुलाखत चालू होती आणि तिला बाहेर बसवलं होतं. लहानपणी शर्टाची बटणं चघळायचा म्हणून सगळे त्याला गुंड्या म्हणत. आता त्याला कॉलेजात बागकाम शिकायला प्रवेश मिळाला होता. बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सरकार शिष्यवृत्ती देतं, हे ताईनंच शोधून काढलं होतं, आणि त्याच्याकडून उत्तरंही घोकून घेतली होती.

"त्याला प्रश्न पटकन कळत नाहीत. मी बसते ना शेजारी," ताईनं सुरुवातीलाच सांगून पाहिलं होतं.

"उशिरा कळले तर आम्ही थांबू," अधिकारी बाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही बाहेर बसा."

आई गेल्यापासून त्याच्या वतीनं तीच बोलत आली होती. डॉक्टरांशी, मास्तरांशी, अगदी न्हाव्याशीसुद्धा! ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. शेवटी दाराला कान लावला, तर शिपाई खाकरला.

आतून हसण्याचा आवाज आला. गुंड्याला हसतायत की काय?

तेवढ्यात दार उघडलं. घामाघूम गुंड्यामागून अधिकारी बाई आल्या.

"मंजूर. वसतिगृहासकट."

"वसतिगृह? तो घरून जाणार आहे!"

"त्यानं स्वतः मागितलंय."

ताई भावाकडे वळली. "अरे, त्या काय विचारतायत ते कळलं तरी का तुला?"

"पहिल्यांदा नाही कळलं. मग मी परत विचारायला सांगितलं."

"आणि रात्री घाबरलास तर?"

"दिवा लावीन. ताई, तू असलीस की मला बोलायलाच मिळत नाही."

ताईला रागही आला, रडूही.

"मघाशी हसत कशाला होतात?" तिनं बाईंना फणकाऱ्यानं विचारलं.

"तुमची नक्कल केली त्यानं. 'गुंड्या, नीट बस. गुंड्या, नमस्कार कर आधी.' हुबेहूब!"

गुंड्यानं जीभ चावली. ताईला नको असताना हसू फुटलं. पालक म्हणून तिची सही हवी होती. ती तिनं केली.

घरी येताच गुंड्या बॅग भरायला बसला. सगळ्यात आधी त्यानं चपला कोंबल्या, वर धुतलेले शर्ट. 'अरे, चपला आधी पिशवीत घाल,' हे शब्द ताईच्या ओठांवर आले होते. ती तशीच उठली, अंगणात गेली आणि येरझाऱ्या घालत राहिली.