एका पानाची मुळं

सुप्रीतानं बाटलीच्या तोंडातून पान अलगद वर ओढलं. खालची पांढरी मुळं एकमेकांत गुंतली होती, बाहेर यायला तयार नव्हती. तिनं बाटली तिरकी केली, तसं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पान ओल्या रुमालात गुंडाळून तिनं पर्समध्ये ठेवलं आणि देवनहळ्ळीच्या आपल्या घरून मांडीवर सांभाळत आणलेलं दुसरं रोप बाटलीत सोडलं. तसंच एक पान, तसेच पिवळे शिंतोडे, तशीच मुळं. फक्त देठाशी, तांदळाच्या दाण्याएवढा, एक हिरवा कोंब.

तिचे वडील नरसिंहराव, म्हणजे तिचे अण्णा, फिरायला गेले होते. सुप्रीता एरवी रविवारी यायची. आज बुधवारी ती खास रजा काढून, स्वतःजवळच्या किल्लीनं दार उघडून आत आली होती. मल्लेश्वरमच्या या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. ऊन बाटलीतून आरपार जाऊन भिंतीवर हिरवट डुलत होतं. ती थोडा वेळ नुसतीच त्याच्याकडे बघत उभी राहिली. आई असताना या खिडकीभर मनीप्लांट पसरला होता, आणि भिंतीवर दिवसभर पानंच पानं हलायची.

आई गेली. नऊ महिन्यांपूर्वी अण्णा न्हाणीघरात पडले, पाय मोडला, आणि दोन महिने सुप्रीताकडे राहिले. तेवढ्यात इथला वेल वाळून गेला. परत आल्यावर अण्णांनी त्यातलं एक हिरवं पान शोधून पाण्यात ठेवलं. सुप्रीतानं तर भुणभुण लावली होती की आता हे घर सोडा, कायमचे माझ्याकडे या. शेवटी अण्णा म्हणाले होते, "हिच्या वेलाला नवा कोंब फुटू दे. फुटला की त्याच दिवशी येतो."

सात महिने झाले. दर रविवारी ती आल्याआल्या आधी बाटलीकडे बघायची, मग वडिलांकडे. मुळं वाढत होती, पान टवटवीत होतं, आणि सगळं घोडं त्या एका कोंबापाशी अडलं होतं. संध्याकाळी अण्णांनी फोन उचलला नाही की पुन्हा पडले की काय म्हणून ती परत परत लावत राहायची.

गेल्या आठवड्यात तिनं घराजवळच्या नर्सरीत पानाचा फोटो दाखवला. तिथला नागनाथ हसला. नुसतं पान खुडलंय, म्हणाला, खोडाचा तुकडा नाही. कोंब फुटतो तो पेरावरच्या डोळ्यातून. इथं डोळाच नाही. असलं पान वर्षानुवर्षं हिरवं राहील, पण वेल व्हायचा नाही. रोज सकाळी चष्मा लावून बाटलीपाशी उभे राहणारे अण्णा तिच्या डोळ्यांपुढे आले. त्यांना हे सांगायचं कुणी? त्यापेक्षा ही लबाडी बरी, असं तिला वाटलं.

अण्णा आले. तिला पाहून नवल करणार, तोच त्यांची नजर खिडकीकडे गेली. ते जवळ गेले. बाटली एकदा सावकाश फिरवली.

"फुटला ना, अण्णा?"

"फुटला."

मग ते बाटलीकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला.

"सरी, येतो," ते म्हणाले. "शब्द दिलाय. गाडी सांग."

सुप्रीताला रडूच आलं. अण्णांना आईची आठवण झाली असेल म्हणून ते गप्प आहेत, असं ती धरून चालली. त्यांनी पिशवीत दोन सदरे टाकले, गोळ्या टाकल्या, आणि चार ठिकाणी सांगून येतो म्हणाले. ती गाडीसाठी फोन करत त्यांच्याबरोबर निघाली.

पहिलं ठिकाण वाचनालय, मग पिठाची गिरणी. प्रत्येक ठिकाणी खिडकीत एक बाटली, बाटलीत वेल, पानांवर पिवळे शिंतोडे. अण्णा शिळं पाणी ओतत, ताजं भरत, पुढच्या बुधवारी बदला म्हणून बजावत. रविवारी या रस्त्याची शटरं बंद असायची, त्यामुळे तिनं यातलं काही कधी पाहिलंच नव्हतं. जिथं लहानपण गेलं तोच रस्ता, पण आपण दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नातून चालतोय असं तिला वाटत होतं.

रघुजी टेलरच्या दुकानात तर वेल शिलाई मशीनच्या वरून थेट छतापर्यंत गेला होता. अण्णा बाटली घेऊन मागच्या नळावर गेले. रघुजींनी मशीन थांबवलं.

"आईंचाच वेल हा, अक्का. वर्ष झालं की. अण्णांनी पाय मोडायच्या आधीच इथं सगळ्यांना लावून दिलाय."

"अण्णांनी?"

"मग? मी आधी नुसतं पानच खोचलं होतं. मुळं आली, मी खूष. अण्णा हसले. म्हणाले, डोळा नसला तर जन्मभर असंच राहील ते. मग स्वतः कापून दिलं."

पहिल्यांदा सुप्रीताला राग आला. सात महिने ती या माणसाची कीव करत होती, आणि यांनी जाणूनबुजून पाचर मारून ठेवली होती. मग मागच्या दारातून अण्णा आले. पाय ओढत होते, तरी घाईत होते. दोन्ही हातांनी बाटली उजेडात धरून ते मुळं तपासत होते. पडल्यापासून तिच्या घरी दोन महिन्यांत हा चेहरा तिनं एकदाही पाहिला नव्हता. आणि तिच्या लक्षात आलं की कोंब दिसताच तो कुणी ठेवला हे त्यांना कळलं असणार. कळूनही ते म्हणाले होते, गाडी सांग.

"रघुजी, दर बुधवारी पाणी बदलायचं हं," अण्णा म्हणाले.

"मला कशाला सांगता? तुम्ही येताच की."

अण्णांनी बाटली पुन्हा उजेडात धरली. सुप्रीताच्या हातातला फोन वाजला. गाडी कोपऱ्यावर आली होती. तिनं तो वाजू दिला.

"अण्णा, मघाशी मी नीट बघितलं नव्हतं."

"काय?"

"कोंब नाहीये तो. देठच जरा फुगलाय."

त्यांनी बाटली हळूच खाली ठेवली.

"नक्की?"

"नक्की. वेळ आहे अजून त्याला."

अण्णांनी वेलाचं एक पान उगाच सरळ केलं.

"मग थांबूया स्वल्प, थोडं."

तिनं ड्रायव्हरला कन्नडमध्ये सांगितलं की आज जायचं नाही. ते पुन्हा पडतील ही भीती गेली नव्हती. जुनं पान पर्समध्ये, ओल्या रुमालात, होतंच. अण्णा पायरी उतरताना तिनं त्यांच्या कोपराला हात दिला, आणि त्यांनीही तो राहू दिला. अजून दवाखान्यातली बाटली राहिली होती. दर बुधवारी रजा मिळेल का, याचा विचार करत ती त्यांच्या चालीनं, सावकाश, रस्ता ओलांडू लागली.