उमेदवाराचं घड्याळ

रंगभूमीवर मी इतक्या दुःखी आया आणि बहिणी केल्यात, की एव्हाना डोळ्यांतलं पाणी आटायला हवं होतं. पण नाही, अजून हुकमी येतं. म्हणूनच निवड समितीने मला बोलावलं. पोलीस खात्यात सुधारणांचं वारं सुटलं होतं. जुन्या बड्या साहेबांना घरी बसवलं होतं, नवे नेमायचे होते, आणि या वेळी नुसत्या गोड मुलाखतीवर भागणार नव्हतं. उमेदवाराला टेबलामागे बसवायचं आणि समोर एक बाई पाठवायची. बाईच्या भावाला चौकीत नेलंय आणि तो कुठे आहे ते तिला कोणी सांगत नाही. साहेब तिच्याशी कसे वागतात ते समिती कोपऱ्यात बसून बघणार. ती बाई मी.

समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या. आवाज असा, की समोरच्याने आपोआप पाय जवळ घ्यावेत.

"शेवटी मी तुम्हाला एकच विचारणार," त्या म्हणाल्या. "ही बाई पुन्हा या अधिकाऱ्याकडे जाईल का? तुम्ही नाही म्हणालात, तर उमेदवार बाद. मात्र कोणी ओळखीचा निघाला तर तसं सांगायचं. मग तुमचं मत धरता येणार नाही."

"माझ्या ओळखीत कुठले पोलीस?" मी म्हटलं. "चौकी दिसली की मी रस्ता बदलते."

समिती हसली. मीही हसले, पण ते खरंच होतं.

माझा धाकटा भाऊ आमच्याच नाट्यगृहात ध्वनीचं काम बघायचा. घरात त्याला ठोंब्या म्हणतात, कारण लहानपणापासून बोलणं कमी. कान मात्र असे, की बोलताना माझा सूर जरा घसरला तरी प्रयोगानंतर हळूच येऊन सांगायचा. एकदा नाट्यगृहात चोरी झाली आणि संशयावरून त्याला उचललं. मी दिवसभर चौकीच्या बाकावर बसून होते. संध्याकाळी तिथल्या साहेबांनी आत बोलावलं. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि शांतपणे सांगितलं, "असा कोणी इथे आणलेला नाही." ठोंब्या तेव्हा भिंतीपलीकडे होता. दुसऱ्या दिवशी 'जिन्यावरून पडलो' असं लिहून दिल्यावर त्याला सोडलं. चोर पुढे दुसराच निघाला, पण ठोंब्याचा डावा कान गेला तो गेलाच. एका कानाने ध्वनीचं काम होत नाही. आता तो कपडेपटात इस्त्री करतो.

त्या रात्रीबद्दल तो एकदाच बोलला. "साहेब आधी घड्याळ काढून ठेवायचे, ताई. काच फुटू नये म्हणून."

समितीचं काम मी घेतलं ते यासाठी. म्हटलं, असा एक तरी माझ्या हातून बाद होऊ दे.

सकाळपासून साहेब येत होते. एकाने मला कायद्याची कलमं ऐकवली. एक इतका गहिवरला, की मलाच त्याला पाणी द्यावंसं वाटलं. एकजण सारखा समितीकडे बघत होता, लग्नात फोटोवाल्याकडे बघतात तसा. मी हुंदके देत होते आणि मनातल्या मनात जांभया.

जेवणानंतर तो आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. चेहऱ्यावरून मी ओळखलं नसतं कदाचित. तो खुर्चीत बसला, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर उजव्या हाताला ठेवलं.

हाच तो. सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. पण मी तोंड उघडलं आणि बाहेर आली ती माझी पाठ केलेली वाक्यं. "साहेब, माझा भाऊ कुठंय? सकाळपासून बाकावर बसलेय मी."

तो उठला. खुर्ची टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आणली. मला बोलू दिलं, मध्ये तोंड घातलं नाही. मी रडले, तेव्हा 'रडू नका' म्हणाला नाही. मग म्हणाला, "तुमचा भाऊ आमच्याकडे आहे. हे तुम्हाला सकाळीच सांगायला हवं होतं. चूक आमची आहे, मी तुमची माफी मागतो. चला, मी स्वतः तुम्हाला त्याच्याकडे नेतो."

अगदी हेच शब्द. त्या दिवशी बाकावर बसून मी जे जे मनात घोळवलं होतं, ते ते त्याच माणसाच्या तोंडून येत होतं. मी इतकी रडले, की हुकमी कुठलं आणि खरं कुठलं, माझं मलाच कळेना. वाटलं, उठून त्याच्यामागोमाग जावं. भिंतीपलीकडे ठोंब्या असेल, दोन्ही कानांनी ऐकणारा.

तो बाहेर गेला आणि समिती खुलली. "सगळ्यांत सरस," एक सभासद म्हणाले.

"आणि ते घड्याळ पाहिलंत?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "आल्याआल्या काढून ठेवलं. म्हणजे, तुम्ही सावकाश बोला, मला घाई नाही. हे शिकवून येत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "बोला. पुन्हा जाईल ही बाई यांच्याकडे?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द, आणि तो बाद. कोणी कारणही विचारलं नसतं. पण माझ्या कानात ती माफी घुमत होती. ती खरी असली तर? माणूस बदलला असला तर? आणि खरी असली, तर ती घरी न्यायची होती मला.

"त्यांना परत बोलवा," मी म्हटलं. "मला एक विचारायचंय."

तो आला. घड्याळ पुन्हा मनगटावर होतं. मी डोळे पुसले आणि माझ्या आवाजात विचारलं, "मला ओळखलंत?"

"हो," तो म्हणाला. "दारातूनच."

"मग मघाशी माफी मागितलीत, ती कोणाची?"

त्याने अध्यक्षबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. क्षणभर त्याचे ओठ हलले. मला अजून वाटतं, की तो म्हणणार होता.

"तुम्ही जिची भूमिका करत होतात, तिची," तो म्हणाला. नमस्कार केला आणि गेला.

मग मी सगळं सांगितलं. अध्यक्षबाईंनी मध्येच चष्मा काढला.

"तक्रार केली होती?"

"नाही."

"काही कागद? डॉक्टरांचा दाखला?"

"जिन्यावरून पडलो, एवढाच."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यांना ओळखता हे आता नोंदीत आलं. तुमचं मत मला धरता येणार नाही, आणि बाकीच्यांचे गुण तर ठरलेत."

तेलही गेलं, तूपही गेलं. मी पर्स उचलून चालू लागले.

घरी काही बोलले नाही. निकाल लागला तेव्हा मी आणि ठोंब्या कपडेपटात होतो. तो राजाचा अंगरखा इस्त्री करत होता, कोपऱ्यात टीव्ही चालू होता. नवे पोलीस प्रमुख सहीसाठी टेबलाशी बसले. मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं. निवेदिका म्हणाली, किती साधा माणूस.

ठोंब्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"तू त्या परीक्षेला गेली होतीस ना, ताई? हा आला होता?"

"हो."

"घड्याळ काढलं?"

"काढलं." माझ्याच्याने गप्प बसवेना. "आणि माफी मागितली रे. चूक आमची आहे, म्हणाला."

ठोंब्या टेबलाला वळसा घालून आला आणि चांगला कान माझ्याकडे करून उभा राहिला.

"कोणाची मागितली?"

भरल्या नाट्यगृहात मी बिनदिक्कत खोटं बोलत आलेय. "तुझी," मी म्हटलं. "तुझं नाव घेऊन मागितली."

"खोटं बोलताना तुझा सूर खाली येतो, ताई. पहिल्यापासून येतो." तो परत फिरला नाही. कान माझ्याकडेच होता. "पुन्हा म्हण."