‘लंबक’मधून दोघांची हकालपट्टी

कर्वेनगरच्या महिपती केंजळ्यांनी एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता स्वतःलाच यादीतून काढून टाकलं.

यादी म्हणजे ‘लंबक’. चावीच्या घड्याळांचा नाद असलेले दोनशे चाळीस लोक तिथे ईमेलवर चर्चा करत. एकाने लिहिलेलं सगळ्यांना जाई, पण आधी महिपतींच्या नजरेखालून. एकोणीस वर्षं त्यांनी हे फुकटचं काम सोसायटीचा वॉचमनही लाजेल अशा कडकपणाने केलं होतं. सुप्रभात, गुलाबाची चित्रं, मूळव्याधीवरचे रामबाण उपाय, कशालाही आत प्रवेश नव्हता. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवणाऱ्याला उलट उत्तर जाई, ‘दिवाळी आहे हे सभासदांना ठाऊक आहे.’ लोक चिडत, पण सोडून जात नसत, कारण इतकी स्वच्छ जागा दुसरी कुठे नव्हती.

नियम सात. चौथा असा : ज्याच्या पत्त्यावरून व्हायरस येईल त्याचं नाव ताबडतोब कमी होईल, सबब ऐकली जाणार नाही.

या नियमाखाली आजवर एकच माणूस गेला होता, मुनव्वर आत्तार. यादी त्यांनी आणि महिपतींनी मिळून सुरू केलेली. मुनव्वर पेशाने घड्याळजी, बाकीचे नुसते बोलणारे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या कॉम्प्युटरला लागण झाली, महिपतींनी त्यांना काढलं, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद पडलं. ‘एवढ्याशा गोष्टीवरून रुसले,’ असं महिपती म्हणत. म्हणताना वाईट वाटे, म्हणून फारसं म्हणत नसत.

तर त्या मंगळवारी एक संशयास्पद मेल आली. अटॅचमेंटमध्ये काय आहे कळेना. दुसऱ्या कुणाला ताप नको, म्हणून महिपतींनी ती स्वतः उघडून बघितली. अ‍ॅडमिनची मेल तपासणारा कोणी नसल्यामुळे पाच मिनिटांत तो व्हायरस त्यांच्या नावाने दोनशे चाळीस जणांना पोचला.

महिपतींनी चौथा नियम वाचला. त्यात अ‍ॅडमिनला सूट नव्हती. त्यांनी स्वतःला रीतसर पत्र लिहिलं आणि नाव कमी केलं. मग चहा पिताना लक्षात आलं की नावाबरोबर अधिकारही गेले. आता लोकांच्या मेल्स दाराशी अडकणार, आणि ‘माझी फाइल उघडू नका’ एवढं सांगायचीही सोय उरली नव्हती.

यादी सुरू करताना अ‍ॅडमिन म्हणून दोन नावं द्यावी लागली होती. सभासद म्हणून मुनव्वर गेले, पण ते दुसरं नाव काढायचं राहूनच गेलं होतं. पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक. फोनवर नाही म्हणणं सोपं जातं, म्हणून महिपती दोन बस बदलून खराडीला, मुनव्वरांच्या लेकीच्या फ्लॅटवर गेले.

दार मुनव्वरांनीच उघडलं.

“या. कुणाला काढलंत?”

“मला.”

“कशात?”

“चार नंबर.”

मुनव्वर हसले नाहीत. ते महिपतींना जास्त लागलं.

“मला वाटायचं, तुमचा माझ्यावर राग असेल,” मुनव्वर सावकाश म्हणाले. “तुम्ही खरोखरच असे आहात तर.”

त्यांनी कॉम्प्युटर लावला, पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर टाकला, आधी सगळ्यांना सावधानतेची मेल पाठवली आणि महिपतींचं नाव परत घातलं. मग त्यांनी एक कप्पा उघडला. काढून टाकलेल्यांच्या मेल्स त्यात पडत. महिपती तो तत्त्व म्हणून उघडत नसत. आत एकच मेल होती, सहा वर्षांपूर्वीची.

‘महिपतराव, फोनवर बोलवत नाही म्हणून इथे लिहितो. मशीन साफ केलं. चूक माझी. नाव परत घालू नका, नियम मोडेल. पण रविवारी नेहमीसारखा चहाला येऊ का, एवढं कळवा.’

महिपतींनी ती दोनदा वाचली.

“उघडलंच नाही हो मी हे.”

“बरेच रविवार मी कुठे गेलो नाही,” मुनव्वर म्हणाले. “म्हटलं, कळवतील.”

“मीही घरीच असायचो,” महिपती म्हणाले. “दोन कप काढून.”