चटईवरचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी निळी चटई आहे, आणि आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही. कसं असणार? माझ्या उरावर कपडे धुण्याचं मशीन ठेवलंय! धुता धुता ते सरकत पार दारापर्यंत जायचं, म्हणून माझी घडी घालून त्याच्या पायांखाली कोंबली. ते घुर्र करून फिरायला लागलं की माझा जीव नकोसा होतो. मी खरं तर माणसांना शांत करण्यासाठी जन्माला आले, आणि आज माझ्याइतकी चिडकी चटई तुम्हाला शोधूनही सापडणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम रबराचा लगदा लाटून त्याचा लांबच लांब पट्टा काढला, पाय घसरू नये म्हणून त्यावर बारीक खडबडीत नक्षी उठवली आणि धारदार पात्याने आम्हा बहिणींना वेगळं केलं. मग व्यायामाच्या सामानाच्या दुकानात लोखंडी वजनांच्या शेजारी मी गुंडाळून उभी. लोक यायचे, मला दाबून बघायचे आणि "हिच्यात काय एवढं? फरशीवर बसलं की झालं," म्हणून निघून जायचे. डोकं तापायची सवय मला तेव्हापासूनची आहे.

मग एक दिवस ताई आली. तिला दिवस गेले होते, पोट नुकतंच दिसायला लागलं होतं. ती वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्यांची बोलणी खायची आणि गोड आवाजात म्हणायची, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." घरी येईपर्यंत तिच्यात त्राण उरायचं नाही. आडवी झाली तरी डोळ्याला डोळा लागायचा नाही. छातीत धडधड व्हायची. त्याला कारणही होतं. मागच्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं होतं. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे, आणि न बोलल्यामुळे ती भीती घरभर फिरत असे.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "बाळ छान आहे. पण तुमचा रक्तदाब थोडा चढतोय आणि तुम्ही फार ताण घेताय. आपल्याकडे गरोदर बायकांसाठी श्वासाचा आणि हलक्या व्यायामाचा वर्ग आहे, तिथे या." म्हणून ती मला घेऊन गेली.

काय सांगू मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे! दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक मोठी खोली होती, खिडक्या उघड्या, पंखे हळू. मोठाली पोटं सांभाळत बायका गोलात बसायच्या. शिकवणाऱ्या बाई फार बोलायच्याच नाहीत. "श्वास रोखायचा नाही. घेतलात त्यापेक्षा सावकाश सोडा. दमलात की थांबा, कुणाशी शर्यत नाही." मग गुडघ्या-हातांवर येऊन पाठ हळूच वर, हळूच खाली. शेवटी डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडायचं आणि कपाळापासून पावलांपर्यंत एकेक अवयव सैल सोडायचा.

माणूस तोंडाने काहीही सांगो, मला त्याच्या टाचा आणि तळहात खरं सांगतात. पहिल्या दिवशी ताईचे तळहात घामाने चिकट होते आणि बोटं माझ्यात रुतली होती. वर्ग संपताना ती बोटं उघडली. तळहात कोरडे, कोमट. ती जरा वेळ पडून राहिली आणि स्वतःशीच म्हणाली, "अगं बाई, मी दात आवळून धरले होते की काय!" मी मनातल्या मनात म्हटलं, आज सार्थक झालं.

वर्गाबरोबर घरीही रोज सराव करायचा होता. तिथेच माझं कपाळ फुटलं.

ताईचा नवरा गाडी चालवायला शिकवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात, चिडली की ताईसुद्धा. माणूस लाख मोलाचा, हे मी रागातसुद्धा कबूल करेन. पण त्याच्या शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मास्तर शेजारी बसल्या बसल्या गाडी थांबवतो. वर्षानुवर्षं असं केल्यावर ते पायात भिनतं. ताई मला पसरून बसली की हा कामावरून आल्या आल्या, बुटांसकट, स्टूल ओढून शेजारी हजर! आणि त्याचा पाय कुठे? माझ्या कोपऱ्यावर.

"हं, घे श्वास. घे. आता सोड. अगं सावकाश! एकदम नको सोडूस!" इकडे पाय कच्चकन दाबला. "पाठ उचल. बास, बास, बास!" परत पाय. ताई जरा डुलली की पाय, खोकली की पाय. अरे, बायको आहे का चढावरची गाडी?

तेवढं कमी म्हणून दारात सासूबाई उभ्या. त्यांचा जीव टांगणीला. "सूनबाई, वाकू नकोस गं. दुखतंय का? नाही ना दुखत? मग अशी का बसलीस?" जरा शांतता झाली की घाबरून म्हणायच्या, "अशी गप्प का झाली ही?" मग दोघं मायलेक तिच्यावर एकदम ओरडायचे, "शांत हो! तू आधी शांत हो!" मी रबराची नसते ना, तर दोघांना उचलून बाहेर ठेवलं असतं.

आणि ताई काय म्हणायची? तोच कामावरचा गोड आवाज, "हो, हो, लक्षात ठेवते." आणि खाली माझ्यावर तिच्या टाचा दगडासारख्या. तळहात पुन्हा घामट. ज्या अर्ध्या तासात तिला कुणाचं काही ऐकायचं नव्हतं, तेवढ्याच वेळात तिला सगळ्यांचं ऐकावं लागत होतं. मला ओरडावंसं वाटायचं, पण चटईचं कोण ऐकतं? माझ्या कोपऱ्यात मात्र मास्तरच्या बुटाच्या टोकाएवढा खड्डा पडला.

हळूहळू ताई म्हणायला लागली, "आज नको, उद्या बघू." मी दारामागे उभी राहिले. सासूबाई माझ्यावर ओली छत्री टेकवून ठेवायला लागल्या. वर्गालाही खाडे पडायला लागले.

पुढच्या तपासणीला रक्तदाब आणखी चढला होता. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि उतरला नाही तर भरती व्हावं लागेल असं बजावलं. ही हकिगत मास्तरनेच घरी येऊन आईला सांगितली, म्हणून मला कळली. "डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम चालू आहे ना? मी म्हटलं, म्हणजे काय! मी स्वतः शेजारी बसून करून घेतो." हे तो अभिमानाने सांगत होता. ऐका!

ताईने छत्री बाजूला केली, मला पसरलं आणि बसली. डोळे मिटले. लगेच स्टूल ओढल्याचा आवाज. कोपऱ्यावर पाय. "हं, घे श्वास."

"पाय काढ," ताई म्हणाली.

"कुठला पाय?"

"हा. चटईवरचा."

मास्तरने खाली पाहिलं. देवाशपथ सांगते, त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने पाय उचलला आणि तो खड्डा बघतच राहिला. "हे मी केलं?"

"तूच केलंस. रोज करतोस." ताईचा तो गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी तुझी शिकाऊ नाहीये रे. मागच्या वेळी माझ्या हातून काही चुकलं नव्हतं. कुणाचीच चूक नव्हती, डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. पण तू असा ब्रेक दाबून बसलास की मला वाटतं, आता काहीतरी होणार आणि ते माझ्यामुळेच होणार. मग कसला श्वास आणि कसलं काय!" आणि ती रडायला लागली. इतक्या महिन्यांचं साचलेलं, मोकळेपणाने, मोठ्याने.

सासूबाई दारातून पुढे आल्या आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

मास्तरने मान खाली घातली. मग म्हणाला, "तुझी चूक नव्हती गं. मला कधीच तसं वाटलं नाही. मला भीती वाटते. गाडीत भीती वाटली की निदान दाबायला काहीतरी असतं. इथे माझ्या हातात काहीच नाही."

"मग तसं सांग ना! शिकवतोस कशाला?" ताईने नाक पुसलं आणि बाजूला सरकून जागा केली. "बूट काढ आणि बस इथे. आज मी सांगते, तू कर."

तो बसला. मित्रांनो, मी कितीतरी टाचा झेलल्या आहेत, पण इतक्या घाबरलेल्या टाचा कधी झेलल्या नव्हत्या. ताईच्या परवडल्या! ती म्हणाली, "रोखू नकोस. सावकाश सोड." त्याला दोन श्वास धड जमेनात. मग हळूहळू त्याचा उजवा पाय सैल पडला. सासूबाई रिकाम्या स्टुलावर टेकल्या, डोळे मिटले आणि चक्क घोरायला लागल्या. ताई रडता रडता हसली.

त्या दिवसापासून नियम झाला. ताईने मला पसरलं की मास्तर आईला घेऊन फिरायला बाहेर पडायचा आणि जाताना दार ओढून घ्यायचा. ताईला पुन्हा झोप लागायला लागली. रक्तदाब आटोक्यात राहिला. गोळ्या होत्या, डॉक्टर होते, सगळं श्रेय मी लाटणार नाही. पण तिचे कोरडे, कोमट तळहात माझ्यावर होते, एवढं मी छातीठोकपणे सांगते. मुलगी झाली. धट्टीकट्टी, आणि आवाज असा की अख्ख्या इमारतीला तक्रार नोंदवावीशी वाटेल.

आणि मग सगळे मला विसरले! बाळ आलं म्हणजे बाळाच्या आईची भीती संपली, थकवा संपला, असंच जणू सगळ्यांनी ठरवून टाकलं. ताई पुन्हा कामावर जायला लागली. घरी आली की दुपटी, बाटल्या, पोरीचं रडणं. तिला आता कुणी विचारत नाही की तू आज बसलीस का. आणि मशीन सरकायला लागल्यावर मास्तरला काय सुचलं? मी! म्हणे, "ती निळी चटई पडूनच आहे."

पडून आहे म्हणे. मला पाडून ठेवलंय!

थांबा. कुणीतरी आलं. ताईच आहे, कपडे काढायला. ती मशीनला टेकून उभी राहिली आहे. वजन खाली माझ्यापर्यंत पोहोचतंय. तिचे अनवाणी पाय माझ्या बाहेर आलेल्या कोपऱ्यावर आहेत, आणि टाचा अगदी तशाच, दगड. ती खाली बघते आहे. वाकली. खड्ड्यावरून बोट फिरवते आहे.

"मास्तर! जरा इकडे ये. मशीन उचल."

"अगं, चटई काढली तर ते परत दारापर्यंत जाईल."

"जाऊ दे दारापर्यंत. आणि पोरीला घेऊन तूही जा, जरा फिरून ये."

तो क्षणभर घुटमळला. मग मशीन उचललं गेलं. आई गं, मोकळा श्वास म्हणजे काय असतो ते मला आज कळलं!

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी आई, मावशी, वहिनी अशी डोळे मिटून बसायला जागा शोधत असेल. तिला जागा करून द्या आणि शिकवायला जाऊ नका. "शांत हो" असं तर चुकूनही सांगू नका. त्या वेळी तिचं लेकरू तुम्ही सांभाळा आणि निघताना दार ओढून घ्या. आता मला पुरे करू द्या. बाहेर दार लागल्याचा आवाज आलाय, आणि ताईचे तळहात माझ्यावर टेकले आहेत.